एकटेपणाशी झुंज : काम आणि खरी नोंद

समुद्रात, वाळवंटात किंवा तुरुंगात जगापासून तुटलेल्या माणसाने तग कसा धरला, हे सांगणाऱ्या साहित्यात भूक आणि वादळ यांच्याइतकीच एकटेपणाचीही झुंज असते. १९६८ साली सुरू झालेली ‘गोल्डन ग्लोब’ ही एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शिडाच्या बोटींची शर्यत या झुंजीचे दोन टोकांचे निकाल दाखवते. मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’वरील रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा रेडिओ वाटेतच बंद पडला, तरी दुरुस्ती, दिशामापन आणि रोजनिशी यांत दिवस बांधून घेत ते ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांनी मात्र आपल्या ठिकाणाची खोटी माहिती कळवली, ती उघडी पडू नये म्हणून दीर्घकाळ रेडिओ बंद ठेवला आणि जुलै १९६९ मध्ये त्यांची बोट रिकामी सापडली. संपर्क दोघांचाही तुटला होता. परंतु क्रोहर्स्ट यांनी आपले खरे ठिकाण स्वतःच जगापासून लपवल्यामुळे त्यांचा एकांत अधिक भीषण ठरला.

एकटेपणात काम आणि खरी नोंद तारते, हाच धडा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या शेजारी, गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’च्या सफरीतही दिसतो. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या संकल्पनेतून निघालेल्या या नौकेवरून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला आणि वाटेतूनच ते आपल्या नोंदी लिहून पाठवत राहिले.

सिंधुदुर्गातील मालवण किनाऱ्याला हा धडा दूरचा नाही, कारण या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून २०११ मध्ये ८,४९,६५१ वर आली आणि नोकरीसाठी बाहेर गेलेल्या चाकरमान्यांच्या मागे राहिलेली अनेक वृद्ध माणसे मोठ्या घरांत एकटी राहतात. मुलांना काळजी नको म्हणून फोनवर ‘सगळा बरा आसा’ म्हणणारी ही माणसे मायेपोटी, पण क्रोहर्स्ट यांच्यासारखेच, आपले खरे ठिकाण लपवत असतात. किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून जाळे ओढण्याच्या ‘रापण’ या पद्धतीत हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. तसे आपल्या वाट्याचे काम आणि आपले खरे दुःख ऐकणारा एक माणूस, एवढे प्रत्येक वृद्धाला मिळवून देणे हे गावाचे आणि दूरच्या मुलांचे कर्तव्य आहे.