घराची अदलाबदल : आधी स्वयंपाकघर, मग सहल

सुट्टीत आपले घर दुसऱ्या कुटुंबास राहावयास द्यावे, आपण त्यांच्या घरी राहावे आणि भाड्याचा एक पैसाही कोणी कोणास देऊ नये, हा व्यवहार ऐकावयास नवा वाटला तरी युरोपात तो १९५३ पासून चालत आला आहे. त्या वर्षी स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधील काही शिक्षकांनी ‘इंटरव्हॅक’ ही संस्था सुरू केली. पुढे १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘होमएक्स्चेंज’ निघाली आणि छापील याद्यांचे काम हळूहळू संकेतस्थळांकडे गेले.

वस्तूच्या मोबदल्यात वस्तू, हा हिशेब व्यापारी घरांना समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे गाडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. घरातील वडीलधारी स्त्री विचारते, “परक्याच्या हाती चूल द्यायची?” हा प्रश्न जुनाट म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. अदलाबदल सुखाची होणार की मनस्तापाची, हे बहुतेक वेळा या एकाच प्रश्नावर ठरते.

छायाचित्रांत दिवाणखाना सुरेख दिसतो. फ्रिजमध्ये काय असते ते दिसत नाही. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे कळवूनही भागत नाही, कारण पाश्चात्त्य देशांत स्वतःस शाकाहारी म्हणविणारे पुष्कळ लोक अंडी खातात. तेव्हा मांस, मासे, अंडी व मद्य घरात आणू नये, बाहेरून मागविलेलेही नको, असे स्वच्छ शब्दांत लिहावे. कंदमुळांविषयी आपल्या घरचा जो नियम असेल तोही लिहावा. मुंग्यांवर फवारा मारू नये, उंदरांसाठी चिकटपट्टी लावू नये, ही सूचना तर हमखास राहून जाते. अटी वाचून जो मागे सरेल, तो आधीच सरलेला बरा.

आपण ज्यांच्या घरी जाणार, त्यांच्या ओव्हनमध्ये वर्षभर काय भाजले गेले, हेही विचारावे. त्यात संकोच कसला? तरीही मन घेत नसेल तर तवा, कुकर आणि पाण्याचे गाळणे बरोबर न्यावे. ब्रिटनमध्ये विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट असतो. प्लगच्या पिना तेवढ्या वेगळ्या, म्हणून आपला छोटा मिक्सर साध्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो.

ही सारी कटकट निम्म्याने कमी होते ती जोडीदार साधर्मिक असल्यास. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील लेस्टर. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अनेक गुजराती जैन कुटुंबांनी तेथे घरे केली आणि एका जुन्या चर्चच्या इमारतीत जिनमंदिर उभारले. १९८८ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर आणि दिगंबर, दोन्ही परंपरांची उपासना तेथे एकाच छताखाली होते. अशा गावातील घराशी सांगली-कोल्हापूरकडील घराची अदलाबदल जुळली, तर स्वयंपाकघराचा प्रश्न बव्हंशी आपोआप सुटतो.

मग पंचांग आडवे येते. आपल्या शाळांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात, मे महिन्यात. इंग्लंडमधील शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेरीपासून सुमारे सहा आठवडे. तेव्हा आपल्याकडे पाऊस आणि चातुर्मास, त्यातच पर्युषणाचे दिवस जवळ आलेले. दिवाळीत वहीपूजन सोडून दुकानदार कोठे जाणार? म्हणून एकाच वेळी घरे बदलण्याचा हट्ट सोडावा. त्यांनी नाताळात इकडे यावे, आपण मे महिन्यात तिकडे जावे. यजमान त्या दिवसांत नातलगांकडे राहतात. मात्र दोन्ही तारखा आरंभीच लेखी ठरवाव्यात. ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवलेली दुसरी बाजू बहुधा पुढेच राहते.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. जूनमध्ये लेस्टरला सूर्य रात्री साडेनवाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दिवसभर फिरून सावकाश घरी आले तरी चौविहार पाळता येतो. डिसेंबरमध्ये मात्र चार वाजण्यापूर्वीच अंधारते, आणि सहलीचा सगळा दिवस जेवणाच्या वेळेभोवती बेतावा लागतो.

आपल्या घरासाठी एक वही करावी, रोजमेळाइतकी काटेकोर. नळाला पाणी किती वाजता येते, मोटार कधी लावावयाची, गॅसची टाकी कशी बदलावयाची, इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, दूधवाला आणि कामवाली केव्हा येतात, हे सर्व त्यात असावे. जन्म इंग्लंडात गेलेल्या माणसाला नळ कोरडा पडू शकतो हेच ठाऊक नसते! ज्या घरात गृहचैत्यालय किंवा घर-देरासर आहे आणि नित्यपूजा चुकविता येत नाही, तेथे पाहुण्यांनी ती जबाबदारी मनापासून स्वीकारली आहे ना, हे पाहावे. अन्यथा त्या खोलीची किल्ली जवळच्या नातलगाकडे द्यावी. घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर असेल, तर दुकानाकडे उतरणारा जिना बंद करून वह्या, रोकड आणि दागिने कुलपात ठेवावेत. यात अविश्वास नाही. उद्या काही हरवल्यास पाहुण्याकडे बोट जाऊ नये, यासाठी ही काळजी.

कायद्याची बाजू थोडकी आहे, परंतु टाळता येत नाही. परदेशी नागरिक आपल्या खासगी घरात उतरला, तरी त्याची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करणे यजमानावर बंधनकारक असते. यजमान स्वतः परगावी असेल तर हे काम कोण करणार, ते आधी ठरवावे. सोसायटीच्या सचिवांना पाहुण्यांची नावे व तारखा लेखी द्याव्यात. घराचा विमा असल्यास कंपनीलाही कळवावे. व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता लागतो, म्हणून घरमालकाचे पत्र मागून ठेवावे.

पहिलाच प्रयोग परदेशाचा करण्याची घाई मात्र नको. सोलापूरच्या कुटुंबाने बंगळुरू किंवा म्हैसूरच्या कुटुंबाशी चार दिवसांची अदलाबदल करून पाहावी. वाटेत श्रवणबेळगोळही होते. परतल्यावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने प्रथम स्वयंपाकघरात जाऊन डबे, भांडी, गाळणे पाहावे. पुढच्या वर्षी लेस्टरला पत्र धाडायचे की नाही, ते तिने सांगावे.