आरोपीच्या पिंजऱ्यात आई कशाला?

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानाभोवती नातेवाईक, शेजारी जमतात. खजूर, फळं, सरबत समोर येतं. घरात टाइप १ मधुमेह असलेलं मूल असलं की नेमक्या याच वेळी कुणीतरी आपुलकीनं विचारतं, ‘लहानपणी गोड फार खायचा का हा?’ दुसरं कुणी त्याच्या अम्मीकडे वळतं, ‘तुमच्या माहेरी कुणाला शुगर आहे का?’ दिवाळीच्या फराळाला शेजारच्या घरातही हेच प्रश्न येतात. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दोन्ही प्रश्नांत एक आरोप दडलेला असतो आणि तो बहुतेक वेळा आईच्या वाट्याला येतो. विज्ञानानं आजवर जे शोधलं आहे, त्यापुढे हा आरोप टिकत नाही.

नाव एक, आजार दोन

‘शुगर’ म्हटलं की चाळिशी-पन्नाशीतला, वजन वाढलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तो टाइप २. त्यात शरीर इन्सुलिन तयार करतं, पण त्याचा उपयोग नीट होत नाही आणि पुढे ते अपुरंही पडतं. टाइप १ची गोष्ट वेगळी आहे. इन्सुलिन बनवण्याचं काम स्वादुपिंडातल्या बीटा पेशी करतात. जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा याच पेशींना परकं समजून नष्ट करू लागते. हा हल्ला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चालतो. पुरेशा पेशी उरल्या नाहीत की मग लक्षणं दिसतात. मुलानं गेल्या ईदला किती वाट्या शीरखुर्मा खाल्ला, याच्याशी या हल्ल्याचा संबंध नसतो.

जनुकांचा वाटा

मग हा हल्ला सुरू का होतो? पहिला धागा जनुकांचा. सहाव्या गुणसूत्रावर ‘एचएलए’ नावाचा जनुकांचा समूह असतो. आपलं कोण आणि परकं कोण, हे ओळखण्यात रोगप्रतिकारक यंत्रणेला तो मदत करतो. त्याचे काही प्रकार वाट्याला आले, तर टाइप १चा धोका वाढतो. आनुवंशिक धोक्याचा साधारण निम्मा वाटा या एका समूहाचा आहे. उरलेला अनेक लहानमोठ्या जनुकांत विखुरलेला आहे.

ही जनुकं आई आणि वडील दोघांकडून येतात, त्यामुळे केवळ माहेरची चौकशी करण्यात अर्थ नाही. उलट युरोप-अमेरिकेतली आकडेवारी सांगते की आईला टाइप १ असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता २ ते ३ टक्के असते, वडिलांना असेल तर ती ६ टक्क्यांच्या आसपास जाते. आणि ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यातल्या १०० पैकी ८५ हून अधिक जणांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो.

भारतीयांतही जनुकांचा हा ठसा दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनमधलं एक्सेटर विद्यापीठ यांच्यासोबत केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकीय धोक्याचे गुण मोजून भारतीय रुग्णांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला मदत होते, असं त्यात दिसलं.

तरीही जनुकं म्हणजे निकाल नव्हे. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात. त्यांच्यातल्या एकाला टाइप १ झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण बहुतेक अभ्यासांत ३० ते ५० टक्के आढळलं आहे. बाकीचं काही बाहेरून घडत असलं पाहिजे.

सरहद्दीच्या दोन बाजू

हे ‘बाहेरचं’ काय, याचा शोध संशोधकांना फिनलंडला घेऊन गेला. टाइप १चं प्रमाण जगात तिथे सर्वाधिक आहे. १९५० च्या दशकात तिथे १५ वर्षांखालच्या १ लाख मुलांमागे वर्षाला सुमारे १२ नवे रुग्ण सापडत. २००६ च्या सुमारास हा आकडा ६० च्या पुढे गेला. दोन पिढ्यांत एखाद्या समाजाची जनुकं एवढी बदलत नाहीत. बदलतं ते राहणीमान.

याच फिनलंडला लागून रशियाचा कारेलिया प्रांत आहे. दोन्हीकडच्या लोकांत धोक्याची जनुकं बरीचशी सारखी, पण कारेलियात टाइप १चं प्रमाण फिनलंडच्या जेमतेम एक षष्ठांश आढळलं. तिथल्या मुलांचा लहानपणी तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंशी अधिक संबंध येत होता. त्यामुळे त्यांच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला आपलं-परकं ओळखण्याचं चांगलं शिक्षण मिळत असावं, असं काही संशोधक मानतात. हा अजून अंदाज आहे. मुलांना अस्वच्छ ठेवावं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

थंडी आणि अपुरं ऊन, हे फिनलंडपुरतं सोपं उत्तर वाटतं. पण उन्हात न्हाणारं इटलीचं सार्डिनिया बेट आणि कोकणातल्या अनेक कुटुंबांना परिचित असलेलं कुवेत, ही दोन्ही ठिकाणं या यादीत बरीच वर आहेत. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही ते यामुळेच.

संशयितांची यादी

अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये २००४ पासून ‘टेडी’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. ४ लाखांहून अधिक नवजात बाळांची तपासणी करून जनुकीय धोका असलेली सुमारे साडेआठ हजार बाळं निवडली गेली आणि वर्षानुवर्षं त्यांचा आहार, आजारपण, रक्त, शौच यांची नोंद ठेवली गेली. आतड्यात वाढणाऱ्या एन्टेरोव्हायरस गटातल्या काही विषाणूंचा दीर्घकाळ चाललेला संसर्ग आणि बीटा पेशींवरचा हल्ला यांचा संबंध त्यातून पुढे आला.

काही संशयित मात्र सुटले. तान्ह्या बाळाला गाईच्या दुधाची पावडर दिल्यानं धोका वाढतो का, हे १५ देशांत तपासलं गेलं. तिच्याऐवजी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास दूध देऊनही फरक पडला नाही, असा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. लसींबाबत डेन्मार्कमध्ये ७ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीकरण आणि टाइप १ यांचा संबंध आढळला नाही. म्हणून ‘अंगावरचं दूध लवकर तोडलंस’ किंवा ‘सुई टोचून घेतलीस म्हणून झालं’ हे टोमणेही थांबायला हवेत.

टोमण्यांची किंमत

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार टाइप १ असलेली २० वर्षांखालची २ लाखांहून अधिक मुलं भारतात आहेत, जगात सर्वाधिक. दोष लागेल या भीतीनं आजार लपवला जातो. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीनं शाळेलाही कळवलं जात नाही. कुणाच्या सांगण्यावरून जडीबुटी सुरू होते, इन्सुलिन बंद होतं. टाइप १मध्ये इन्सुलिन बंद करणं म्हणजे काही दिवसांत जीव धोक्यात घालणं. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी या आजाराची मुलं फार काळ जगत नसत.

रोजाचाही प्रश्न इथे येतो. वयात न आलेल्या मुलांवर रोजा फर्ज नाही आणि आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. टाइप १ असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता रोजा धरू नये. साखर एकाएकी उतरण्याचा आणि इन्सुलिन चुकल्यास ती बेसुमार वाढण्याचा, असे दोन्ही धोके त्यात आहेत.

मुलाला सारखी तहान लागणं, वरचेवर लघवी, सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येणं, खाऊनही वजन उतरणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास दिसला तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावं.

आणि दस्तरखानावर असो वा फराळाच्या ताटाभोवती, काही विचारायचंच असेल तर त्या आईला एवढंच विचारावं, ‘इन्सुलिनची वेळ झाली का? आम्ही थांबतो, तुम्ही आधी ते उरका.’