आईची झोप का मोडते? मेनोपॉज, रात्रीचा घाम आणि घरच्यांनी करायच्या गोष्टी

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, त्यांच्यासाठी हे नेहमीसारखं लिखित रूप. बोलताना मध्येच भरकटलो होतो तेवढा भाग काढलाय, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय मेनोपॉजमधली झोप. 'आमचं काय वय आहे हे ऐकायचं?' असं वाटेल, पण एक साधा हिशोब करा. भारतात पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. आणि त्रास पाळी थांबायच्या काही वर्षं आधीच सुरू होतो. म्हणजे तुम्ही बाविशी-पंचविशीत असाल, तर तुमची आई, मावशी, काकू किंवा ऑफिसमधल्या सीनियर मॅडम आत्ता याच टप्प्यात असण्याची शक्यता भरपूर आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे इथे समजून घेण्यापुरतं बोलू, औषधाचा निर्णय डॉक्टरांकडेच.

[०१:४०] मेनोपॉज नक्की कशाला म्हणायचं?

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असं धरतात. त्याआधीचा काळ पेरिमेनोपॉजचा. तो काही वर्षं चालतो. पाळी कधी महिन्यात दोनदा, कधी तीन महिने गायब. याच काळात झोपेची वाट लागायला सुरुवात होते, आणि पाळी अजून सुरू असल्यामुळे 'हे मेनोपॉजचं असेल' हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

काहींना मात्र हे एकदम येतं. शस्त्रक्रियेत गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं, तर हार्मोन्स हळूहळू नाही, एका झटक्यात उतरतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला होता, आठवत असेल. ऐन तरुण वयात अशी शस्त्रक्रिया झालेल्या बाईला रात्रीचा घाम आणि निद्रानाश तिशी-चाळिशीतच गाठू शकतो. त्यामुळे फक्त वय बघून 'तुला कसला मेनोपॉज?' असं म्हणू नका.

[०३:३०] झोप का मोडते?

कारण एकच नाही. तीन-चार गोष्टी एकावर एक येतात.

पहिली, शरीराचा थर्मोस्टॅट. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग तापमान सांभाळतो. एसीसारखंच आहे. ठराविक मर्यादेत तापमान वरखाली झालं तर तो काही करत नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही मज्जापेशी जास्तच सक्रिय होतात आणि ही मर्यादा खूप अरुंद होते. मग शरीर किंचित तापलं तरी अलार्म वाजतो, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती-मान-चेहऱ्यातून वाफा आल्यासारखं होतं, धडधडतं, घाम फुटतो. चार-पाच मिनिटांत ओसरतं आणि मग थंडी वाजते. हाच हॉट फ्लॅश. पांघरूण काढा, परत घ्या, गाऊन ओला म्हणून बदला, आणि तोवर झोप उडालेली असते.

दुसरी, प्रोजेस्टेरॉन. शरीरात त्यापासून तयार होणारा एक पदार्थ मेंदूला शांत करतो. प्रोजेस्टेरॉन घटलं की हा नैसर्गिक आधारही जातो. म्हणून घाम न येताही मध्यरात्री टक्क जाग येऊ शकते.

तिसरी, त्याच वयात डोकं वर काढणारे इतर आजार. मेनोपॉजनंतर स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं. बायकांमध्ये तो दणदणीत घोरण्यापेक्षा कधीकधी थकवा, सकाळची डोकेदुखी आणि तुटक झोप अशा रूपात दिसतो, म्हणून निसटतो. पेरिमेनोपॉजमध्ये रक्तस्राव जास्त झाला तर शरीरातलं लोह कमी होतं, आणि लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात, स्थिर ठेवताच येत नाहीत. आपल्याकडे हा मुद्दा छोटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. शिवाय थायरॉइड, शुगर, रात्री सारखं लघवीला उठणं हेही आहेच. प्रत्येक जागरणाला 'मेनोपॉज' असं लेबल लावून मोकळं होऊ नका.

आणि चौथी गोष्ट, घर. तिच्याकडे आपण सविस्तर येणार आहोत.

[०६:२०] 'जाईल आपोआप' यावर

अमेरिकेत १९९० च्या दशकात 'स्वान' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा. वारंवार हॉट फ्लॅशेस येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास ७.४ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. 'सहन कर, जाईल' असं म्हणताना आपण सात वर्षांचं जागरण सहन करायला सांगतोय, हे लक्षात घ्या.

[०७:१०] औषधाशिवायचा सगळ्यात भक्कम उपाय

निद्रानाश महिनोनमहिने चालला तर गोळीच्या आधी वापरायची पद्धत म्हणजे सीबीटी-आय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी हाच पहिला उपाय सुचवला. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४० ते ६५ वयाच्या १०६ स्त्रिया, सगळ्यांना निद्रानाश आणि हॉट फ्लॅशेस. निम्म्यांना ८ आठवड्यांत ६ वेळा सीबीटी-आय शिकवलं, आणि तेही फक्त फोनवर! बाकीच्यांना फोनवरच मेनोपॉजची माहिती दिली. निद्रानाशाच्या ० ते २८ च्या मोजपट्टीवर पहिल्या गटाचा स्कोअर सरासरी ९.९ ने उतरला, दुसऱ्याचा ४.७ ने. हॉट फ्लॅशेसमुळे रोजच्या कामात येणारा अडथळाही पहिल्या गटात कमी झाला.

यात असतं काय? दोन मुख्य नियम सांगतो.

नियम एक: अंथरूण फक्त झोपेसाठी. साधारण २० मिनिटं झोप येत नसेल तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी शांत करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचा संबंध जागरणाशी जोडतो. घड्याळाकडे सारखं बघायचं नाही, २० मिनिटं अंदाजानेच.

नियम दोन: झोपेची खिडकी आवळणं. समजा आई रात्री साडेनऊला आडवी होते आणि साडेपाचला उठते. अंथरुणात ८ तास, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तास. ५.५ भागिले ८, म्हणजे जेमतेम ६९ टक्के. तर काही दिवस तिने उठायची वेळ साडेपाचच ठेवायची आणि झोपायला जायचं रात्री बाराला. झोप सलग व्हायला लागली, टक्केवारी ८५ च्या वर गेली, की दर आठवड्याला १५ मिनिटं आधी झोपायचं. सुरुवातीला दिवसा पेंग येते, त्यामुळे खिडकी साडेपाच तासांच्या खाली नेऊ नये. आणि ज्यांना फिट्स येतात, बायपोलर आजार आहे किंवा ज्या गाडी वा मशीन चालवतात, त्यांनी हे मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीच करावं.

[१०:०५] आता आपल्या घराकडे बघू

वरचे नियम वाचायला सोपे आहेत. पण वन-रूम किचनमध्ये 'उठून दुसऱ्या खोलीत जा' म्हणजे जायचं कुठे? ट्यूब लावली की सगळं घर जागं. आपण उठलो तर पोराची परीक्षा, नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, म्हणून ती अंधारात तशीच पडून राहते. पहाटे पाचला नळाला पाणी येतं, मग डबे. आणि दुपारी जरा पाठ टेकली की बेल वाजते.

म्हणजे झोपेची खिडकी ती ठरवतच नाही, घर ठरवतं. ही गोष्ट कुठल्याही गोळीने बदलत नाही, आणि ती बदलणं आपल्या हातात आहे.

- किचनच्या कोपऱ्यात एक खुर्ची आणि झीरोचा बल्ब ठेवा. 'रात्री उठलीस तरी चालेल, आमची झोप मोडणार नाही' हे तिला तोंडाने सांगा. ही परवानगी कुणी दिलेलीच नसते.
- पाणी भरणं आणि डबा यांपैकी एक काम तुम्ही घ्या. एकच दिवस नाही, रोज. काही रात्री फारच वाईट गेली तरी सकाळचा ताण तेवढा कमी.
- टेबल फॅन तिच्या बाजूला वळवा. जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी द्या, म्हणजे एक काढता येते. उशाशी पाण्याची बाटली, टॉवेल आणि कोरडा गाऊन ठेवा, म्हणजे अंधारात कपाट उघडायला नको. यातल्या कशाने हॉट फ्लॅश थांबत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. पण परत झोप लागायचा वेळ कमी होऊ शकतो.
- संध्याकाळी सहाचा चहा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. तो कप दुपारी तीनच्या आत आणता आला तर बघा.
- रात्री अकराला फॅमिली ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डला ती उत्तर देत असेल, तर तिचा फोन म्यूट करायला शिकवा. मोबाईल येतो ना आपल्याला, त्याचा एवढा तरी उपयोग.

स्मार्टवॉच गिफ्ट द्यायचा विचार असेल तर थांबा. झोपेचे टप्पे ते अंदाजाने सांगतं, आणि सकाळी उठून 'स्कोअर ५२' बघून माणूस उगाच घाबरतं. दोन आठवडे साध्या वहीत लिहा. झोपायची वेळ, उठायची वेळ, किती वेळा जाग, घाम होता की नाही. डॉक्टरांना हीच वही जास्त कामाला येते. आणि आपल्या डीबगिंगचा नियम इथेही लागू आहे, एका वेळी एकच बदल करा. नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

[१२:५०] डॉक्टरकडे कधी, आणि काय विचारायचं?

आठवड्यातून तीन-चार रात्री झोप मोडते, दिवसावर परिणाम होतोय आणि हे तीन महिने चाललंय, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. वही न्या. शेवटची पाळी कधी आली, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणत्या, घोरणं आहे का, हे लिहून न्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायचं का, हेही विचारा.

हॉट फ्लॅशेसवर सगळ्यात परिणामकारक उपचार म्हणजे हार्मोन थेरपी. तिची भीती बसली ती २००२ मध्ये, अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासानंतर. पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. आजचं मत असं, की साठीच्या आत किंवा मेनोपॉजनंतरच्या १० वर्षांत सुरू केली, आणि स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असं काही नसेल, तर बहुतेकींसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. ज्यांना हार्मोन्स चालत नाहीत त्यांच्यासाठी बिगर-हार्मोन औषधंही आहेत. तेव्हा 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' एवढ्यावर विषय बंद न करता डॉक्टरांना विचारा.

एक धोक्याची सूचना. शेजारच्या काकूंची 'झोपेची गोळी' घ्यायची नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायलाच मनाई आहे. त्यांची सवय लागते, आणि रात्री उठताना तोल जाऊन पडायची भीती असते. आई आधीपासून रोज घेत असेल तर अचानक बंदही करू नका. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

आणि या गोष्टींना थांबायचं नाही: पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, झोपेत श्वास अडकणं, घामासोबत ताप किंवा वजन उतरणं, छातीत दुखणं. मन सतत उदास असेल, जगणं नको वाटत असेल, तर सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र सुरू असते.

[१५:१०] विषय काढायचा कसा?

हे सगळ्यात अवघड, विशेषतः मुलांना. 'मेनोपॉज' हा शब्द वापरायचीही गरज नाही. 'आई, रात्री किती वेळा जाग येते गं तुला?' एवढा प्रश्न पुरतो. ती 'काही नाही रे, वय झालं' म्हणेल. मग म्हणा, 'वय झालं तरी त्यावर औषध असतं, आपण जाऊन विचारू.' आणि चिडचिड झाली की 'तू हल्ली फार चिडतेस' म्हणण्याआधी ती काल किती तास झोपली ते विचारा.

या आठवड्याचं काम एवढंच: एक वही, एक झीरोचा बल्ब आणि सकाळचं एक काम आपल्या नावावर. एपिसोड आवडला तर ज्या मित्राला हा विषय बोलायला लाज वाटेल, नेमका त्यालाच पाठवा. भेटू पुढच्या भागात!