निकाल गनमध्येच लागतो

कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत 2009 मध्ये क्ष-किरणांचा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर सुरू झाला, तेव्हा कौतुक झाले ते किलोमीटरभर लांबीच्या त्वरकाचे. इलेक्ट्रॉनांच्या शलाकेची प्रत मात्र इलेक्ट्रॉन गनच्या पहिल्या काही सेंटिमीटरांतच ठरते. तांब्याच्या कॅथोडवर अतिनील लेसरचा स्पंद पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि वेग कमी असल्याने एकमेकांना ढकलत पांगू लागतात. म्हणून मीटरमागे 10 कोटी व्होल्टहून तीव्र क्षेत्र लावून त्यांना तिथल्या तिथे प्रकाशवेगाजवळ नेतात. पुढे ऊर्जा वाढवली की सारे सुधारेल, असे कुणी म्हणेल. शलाका बारीक होते खरी, पण ऊर्जेच्या प्रमाणात मोजलेला तिचा पसारा घटत नाही. थोडाफार बिघाड सोलेनॉइड (चुंबकी वेटोळे) सावरतो, पण तोही गनला खेटूनच बसवावा लागतो.

जपानच्या साक्ला यंत्रात लेसरने चालणारा कॅथोड नाही, तरी 2011 मध्ये तिथे क्ष-किरण लेसर मिळाला. मग गनचे एवढे काय? उलट तिथे गनवर जास्तच विचार झाला आहे: सीरियम हेक्साबोराइडचा जेमतेम 3 मिलिमीटर व्यासाचा तापवलेला स्फटिक, 500 किलोव्होल्टचा स्पंद, सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवलेला प्रवाह, आणि मग टप्प्याटप्प्याने दाबलेला इलेक्ट्रॉनांचा झुबका. स्लॅकमध्येही पुढे विचार गनचाच करावा लागला: तिथल्या नव्या यंत्राला सेकंदाला 10 लाखांपर्यंत स्पंद हवे होते. तेवढ्या वेगात जुनी गन उष्णतेपुढे टिकली नसती, म्हणून 186 मेगाहर्ट्झची गन घेतली आणि क्षेत्राची तीव्रता बरीच खाली आणली.