कांद्याची पिशवी अरुंदच हवी

भाजी साठवायच्या, हाताने विणलेल्या जाळीदार पिशव्यांचं कौतुक बहुतेक वेळा प्लास्टिकला पर्याय म्हणून होतं. ते खोटं नाही, पण त्यात पिशवीचं मुख्य काम मागे पडतं. आत ठेवलेला कांदा टिकला पाहिजे, हे ते काम. काढणीनंतरही कांदा, लसूण, बटाटा जिवंत असतात. ते ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर खर्च करतात आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर वाफ नि उष्णता बाहेर टाकतात. बंद पिशवीत ही वाफ कोंडते, साल ओलसर होते आणि काळी बुरशी धरते. म्हणजे इथे धाग्याइतकीच भोकंही महत्त्वाची, आणि माझ्या मते भोकांहून महत्त्वाची पिशवीची रुंदी.

याचा पुरावा नाशिककडच्या कांदाचाळींत आहे. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळी कांदा नीट सुकवून चाळीत भरला, तर तो पावसाळा काढून दिवाळीच्या सुमाराला बाजारात येऊ शकतो. हे साधतं ते हवेच्या जोरावर. सुधारित चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, तळाला आणि बाजूंना फटी ठेवलेल्या असतात आणि कांद्याची रास जाणूनबुजून अरुंद ठेवतात. रुंद राशीच्या पोटात वारा पोचत नाही. उंचीलाही मर्यादा असते, नाहीतर तळचा कांदा दबतो. घरगुती पिशवीला हेच नियम लहान मापात लागू आहेत. गोल, फुगीर पिशवी दिसायला छान, पण तिच्या मधला कांदा चारी बाजूंनी इतर कांद्यांनी वेढलेला राहतो. त्यापेक्षा दोन-तीन कांदे शेजारी मावतील एवढी अरुंद, लांब पिशवी विणावी आणि भिंतीला चिकटू न देता टांगावी.

क्रोशावर ती सहज होते. तळ खांबांनी घट्ट विणायचा, मग पाच-सहा साखळ्या आणि एक मुका खांब अशी कमानींची जाळी गोल गोल वर न्यायची. लसणासाठी साखळ्या कमी करायच्या. एक अडचण मात्र खरी आहे: क्रोशाची जाळी वजनाने ताणते, भोकं उभी होतात आणि पिशवी मालाला आवळते. कोळी बांधव जाळं विणतात तशी प्रत्येक आसाला, म्हणजे जाळीच्या भोकाला, गाठ मारली, तर आस सरकत नाही. वेळ जास्त लागतो, पण दीड-दोन किलो वजनासाठी मी गाठीचीच बाजू घेईन. धागा सुती असावा. तो धुता येतो, फक्त पूर्ण वाळल्याशिवाय पिशवी पुन्हा भरू नये.

यावर कुणी म्हणेल, बाजारातून कांद्याबरोबर येणारी लाल प्लास्टिकची जाळीही हवा देतेच. देते, आणि त्या एका गुणात ती सुती जाळीपेक्षा उणी नाही. पण तिचा आकार आपल्या हातात नसतो. हाताने विणताना आस आणि रुंदी आपण ठरवतो. ‘फ्रीज असताना हा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप तर कांदा-बटाट्यापुरता टिकतच नाही. फ्रीजच्या दमट हवेत कांदा मऊ पडतो, आणि थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, त्यामुळे तळताना तो लवकर काळपट होतो. पालेभाजीचं मात्र उलट आहे. मेथी, कोथिंबीर, पालक यांना ओलावा धरून ठेवणारी जागा लागते. जाळीत त्या काही तासांत मान टाकतात. तिथे या पिशवीचा आग्रह धरणं निव्वळ हौस.

बटाट्याच्या बाबतीत जाळीची एक उणीव उरते. ती उजेडही आत सोडते, आणि उजेडात बटाटा हिरवा पडून त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. म्हणून त्याची पिशवी हवेशीर पण अंधाऱ्या कोपऱ्यात टांगावी, आणि कांद्याच्या पिशवीपासून जरा लांब. बटाट्यातून निघणारा ओलावा कांद्याला मानवत नाही.