ऑनलाइन वर्षाचे गुण कॉलेजात चालतात का?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने कोकणपट्टीला झोडपले. आंजर्ले, हर्णै, केळशीच्या बाजूला घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस आली नाही. त्याच महिन्यात शाळा मोबाइलवर सुरू झाली. त्या वर्षी दहावी-बारावीत असलेली मुले आता मोठी झाली, तरी लग्नकार्यात एखादा नातेवाईक विचारतोच, “तुम्ही तर परीक्षा न देताच पास झालात ना?” मूल मान खाली घालते. त्याच्या अम्मी-अब्बांना हिशेब ठाऊक असेल, तर तशी वेळ येणार नाही.

२०२१ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली. मग प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षातील लेखी कामावरून आणि २० तोंडी किंवा प्रात्यक्षिकावरून दिले गेले. बारावीसाठी दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरले. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला, त्यामुळे लोकांना शंका आली हे खरे.

मग कॉलेजांनी काय केले? अकरावीसाठी सरकारने वेगळी सीईटी ठरवली होती आणि ती देणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य मिळणार होते. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी ती रद्द केली आणि दहावीच्या गुणांवरच प्रवेश द्यायला सांगितले. म्हणजे ते गुण पूर्ण धरले गेले. इंजिनिअरिंगसारख्या शाखांत मात्र क्रम सीईटीवर लागतो. बारावीचे गुण तिथे पात्रतेपुरते लागतात.

आजचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आंजर्ल्याहून रोज एसटीने दापोली गाठणे प्रत्येक मुलीला जमत नाही. तिने घरून शिकले तर ते कॉलेजात चालेल का? चालेल, पण चौकशी आधी करावी. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवरील अभ्यासक्रमांतून पदवीचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची मुभा यूजीसीने २०२१ मध्ये दिली. मात्र तो अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठाला मान्य हवा आणि त्याची शेवटची परीक्षा दिलेली हवी. नुसते व्हिडिओ पाहून क्रेडिट मिळत नाही. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हेही यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी आणि कायदा यांची पदवी मात्र ऑनलाइन घेता येत नाही. कोणी तशी जाहिरात केली तर पैसे भरू नका.

म्हणून फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा: यूजीसीची मान्यता आहे का, आणि परीक्षा कुठे व कशी होते? उत्तर लेखी घ्या.

आणि एक घरातली गोष्ट. मुलगा मोबाइल घेऊन बसला की तो ‘अभ्यास करतोय’ आणि मुलगी बसली की तिला भाकऱ्या थापायला हाक, असे होऊ देऊ नका. इल्म दोघांवरही फर्ज आहे. तासाभराची ती शांतता तिला मिळाली, तर इन्शाअल्लाह गुणपत्रिकेवरही दिसेल.