हप्ते संपायच्या आधी पत्रा संपू नये



या अंकाचा विषय वाचून काहीजणी म्हणतील, "गाडी धुवायची कशी ते आता तू शिकवणार काय गो आम्हाला?" थोडं थांबा. आधी काय झालं ते सांगते.

आपल्या एका गटाने मासळी वाहतुकीसाठी कर्ज काढून तीनचाकी टेम्पो घेतला. पहाटे मिरकरवाडा जेटीवर मासळी भरायची आणि हातखंबा, पालीच्या बाजूला पोचवायची. कर्जाचा प्रस्ताव लिहायला मी सोबत बसले होते. हप्ता, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, विमा, टायर, सगळं धरलं. गाडी चांगली चालली, हप्तेही वेळेवर गेले. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या फाळक्याजवळ रंगाला बारीक फोड आले. सगळ्या म्हणाल्या, फोडच तर आहेत, गणपती होऊ देत मग बघू. मीही मान डोलावली. गणपतीनंतर एका ताईने फोड नखाने उचकटला, तर खालून तपकिरी भुगा पडला आणि बोट पत्र्यातून आरपार गेलं.

हप्ते अजून बाकी होते. पत्रा कापून नवा जोडणं, वेल्डिंग, रंग यात गटाची बचत गेली, आणि हंगामाच्या दिवसांत गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. विम्याचं विचारलं तर कळलं की गंज ही रोजची झीज धरतात, ती साध्या विम्यात बसत नाही. प्रस्तावात "धुलाई आणि रंग" असा रकानाच नव्हता. तो माझ्याकडून राहिला होता. म्हणून हा लेख. टेम्पो असो, गटातल्या कोणाची स्कूटर असो की घरची कार, गोष्ट एकच आहे.

रंग कशासाठी असतो?

आपल्याला वाटतं रंग शोभेसाठी. खरं तर रंग हा लोखंडाचा रेनकोट आहे. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली की गंज चढतो. त्यात मीठ आलं की हेच काम कितीतरी वेगाने होतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळजवळ दोन मोठे चमचे. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात कसं पाझरतं ते आपल्याला माहीत आहे. तसंच पत्र्यावर बसलेलं मीठ वरून कोरडं दिसलं तरी पत्रा ओला ठेवतं.

मिरकरवाड्यात हे मीठ दोन वाटांनी येतं. एक समुद्रावरून येणारा खारा वारा, जो जेटीवर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला लागतो. दुसरी वाट जास्त वाईट: मासळीच्या क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी. ते हौद्यात साचतं, जोडांमध्ये शिरतं आणि तिथेच मुरतं. वर आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. म्हणजे गंजाला हवं ते सगळं आपण घरपोच देतो.

गाडीवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग, आणि बऱ्याच गाड्यांना सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर, त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांएवढी. एवढ्याशा जाडीवर आपली गाडी टिकून आहे. एक खोल ओरखडा गेला की रेनकोट फाटला. गंज तिथून शिरतो आणि रंगाच्या खालून पसरतो. गंजलेलं लोखंड फुगतं, म्हणून वरचा रंग उचलला जातो आणि फोड दिसतो. फोड दिसला म्हणजे आत काम आधीच सुरू झालंय असं समजा.

पहिलं काम: त्याच दिवशी गोडं पाणी

पॉलिश आणि वॅक्सच्या आधी हे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. मासळी उतरवली की त्याच दिवशी गाडीवर गोडं पाणी मारायचं. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते नको. नळाचं किंवा आतल्या गावातलं पाणी वापरा.

– वरून सुरुवात करा आणि खाली या. शेवटी चाकांच्या वरची कमान, गाडीचा तळ आणि फाळक्याचे बिजागर.
– हौद्यातलं रबरी मॅट उचलून त्याखाली धुवा. आपल्या गटाच्या गाडीत नेमकं मॅटखालीच सडलं होतं.
– हौद्याला आणि दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती खवल्यांनी आणि मातीने बुजतात. काडीने मोकळी करा.
– धुतल्यावर फाळका उघडा ठेवून गाडी वाळू द्या.

आठवड्यातून एकदा नीट अंघोळ. इथे दोन चुका सगळीकडे दिसतात. पहिली चूक, कपड्यांची पावडर. ती मासळीचा वास घालवते, पण रंगावरचं वॅक्सही काढून टाकते. गाडीचा शाम्पू मिळतो, एका बादलीला थोडासाच लागतो. दुसरी चूक, काथ्या किंवा भांड्यांची घासणी. आपल्या रस्त्यांवर जांभ्याची तांबडी धूळ आहे. ती गाडीवर असताना कोरडं फडकं फिरवलं तरी पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. म्हणून आधी भरपूर पाणी, मग मऊ फडकं. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. चाकांचं फडकं वेगळं. खवलं वाळून चिकटलं असेल तर नखाने खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, आपोआप सुटेल. उन्हात तापलेल्या गाडीवर साबण लावू नका, तो वाळून डाग पडतात.

डिझेल किंवा रॉकेलचं फडकं मारून गाडी चमकवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. चमक येते, पण तासाभराची. वॅक्स विरघळतं आणि त्या तेलकटपणावर धूळ बसते. ते सोडून द्या.

पॉलिश वेगळं, वॅक्स वेगळं

दुकानात दोन्ही डब्या शेजारी असतात आणि आपण दोन्हीला पॉलिशच म्हणतो. पण त्यांची कामं उलटी आहेत.

पॉलिश घासून काढतं. त्यात अगदी बारीक खर असते. निस्तेज झालेला वरचा पापुद्रा आणि हलके ओरखडे त्याने निघतात, म्हणून चमक येते. पण प्रत्येक वेळी रंग थोडा पातळ होतो. वहीचं पान किती वेळा खोडरबराने खोडाल? म्हणून पॉलिश रंग निस्तेज दिसला तरच, आणि वर्षातून एकदा फार झालं. कडांवर आणि कोपऱ्यांवर जोर नको, तिथे रंग आधीच पातळ असतो. क्लिअर कोट पापडासारखा सुटत असेल तर पॉलिशने काही होत नाही, तिथे पेंटरच लागतो.

वॅक्स म्हणजे मेण. ते काही काढत नाही, वर एक पातळ थर चढवतं. पाणी, मीठ, पक्ष्यांची घाण थेट रंगाला लागत नाही. चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा नावाचं मेण असतं, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळतं. उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून त्या झाडाने स्वतःसाठी केलेली ती सोय आहे. डबी काही शे रुपयांत येते आणि एका गाडीला बरेच महिने पुरते.

वॅक्स लावायची रीत

1. गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा. सावलीत उभी करा, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे.
2. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून रंगावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर अजून घाण आहे, पुन्हा धुवा.
3. ओलसर स्पंजवर थोडंसं वॅक्स घ्या. एका वेळी एकच भाग, म्हणजे एक दरवाजा किंवा अर्धं बोनेट. थर पातळ हवा. जाड लावून जास्त फायदा नाही, पुसताना हात मात्र दुखतात.
4. पाच-दहा मिनिटांत धुक्यासारखा पांढुरका थर दिसेल. डबीवर वेळ दिलेली असते ती पाळा. मग कोरड्या मऊ फडक्याने पुसा.
5. काळ्या प्लास्टिकला आणि रबराला वॅक्स लावू नका, पांढरे डाग राहतात.

वॅक्स शिल्लक आहे की गेलं, ते कसं ओळखायचं? अळूच्या पानावर पाणी टाकलं की मोत्यासारखे थेंब होतात ना, तसे थेंब गाडीवर झाले तर वॅक्स आहे. पाणी पसरून राहिलं तर पुन्हा लावायची वेळ झाली. आपल्या हवेत दोन-तीन महिन्यांनी लावावं लागतं. त्यातल्या दोन वेळा अजिबात चुकवू नका: मे महिन्यात पावसाच्या आधी, आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या सुमारास.

हौद्याच्या आत मात्र वॅक्स चालणार नाही. तिथे क्रेट घासतात. मॅट, रोजचं पाणी आणि बंदीच्या दिवसांत गंजरोधक रंगाचा एक जाड हात, हाच उपाय.

ओरखडा गेला तर

ओरखड्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे, हलक्या पॉलिशने जाईल. नख अडकलं आणि आत राखाडी दिसलं तर प्रायमर उघडा पडलाय. चकचकीत पत्रा किंवा तपकिरी दिसलं तर त्याच आठवड्यात काम करा. गंज असेल तेवढाच भाग पॉलिश पेपरने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासा, पुसून कोरडा करा, गंजरोधक प्रायमर लावा, वाळल्यावर गाडीच्या रंगाचे दोन पातळ हात द्या. रंग तंतोतंत जुळला नाही तरी चालेल, पत्रा झाकला गेला पाहिजे. गंजावरच रंग मारलात तर तो आतून वाढत राहतो. नुसती लांबी भरून झाकला तरी तेच.

अजून दोन-तीन गोष्टी

आंब्याला मोहोर आला की झाडाखाली गाडी लावू नका. तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यावर धूळ बसते. पक्ष्यांची घाण दिसली की लगेच ओल्या फडक्याने काढा, उन्हात ती रंगात डाग पाडते. ताडपत्री गाडीच्या अंगाला घट्ट बांधू नका. आत ओलावा कोंडतो आणि वाऱ्याने ताडपत्री रंग घासते. वर छप्पर आणि बाजूने वारा असेल असा आडोसा उत्तम. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण ओला हार आणि हळद-कुंकू दुसऱ्या दिवसापर्यंत बोनेटवर ठेवू नका, डाग जात नाहीत.

गटाने काय ठरवायचं

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा मिरकरवाड्यात होड्या वर ओढून घासतात, रंगवतात, शाकारून ठेवतात. दर्यावर जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे करतात, कारण होडीवर पोट आहे. आपल्या गटाचं पोट त्या टेम्पोवरही आहे, मग त्याला तेवढीच काळजी का नको?

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. एक, गाडीच्या वहीत रोजचा एक रकाना वाढवा: गोडं पाणी मारलं का, कोणी मारलं. ड्रायव्हरदादावर सगळं टाकू नका. त्याच्या वेळेत धुलाईची वेळ धरा, नाहीतर ती होणार नाही. दोन, प्रत्येक फेरीच्या उत्पन्नातून थोडी रक्कम रंगासाठी बाजूला काढा आणि हिशोबात वेगळी दाखवा. तीन, नव्या गाडीचा प्रस्ताव करणाऱ्या गटांनी हा खर्च पहिल्यापासून धरावा. यापुढे हा रकाना रिकामा असेल तर मी प्रस्ताव पुढे पाठवणार नाही, आधीच सांगते.

आणि पुढच्या मासिक बैठकीत हजेरी झाली की सगळ्याजणी उठा, गाडीभोवती एक फेरी मारा. फाळका, कमानी, दरवाज्याच्या खालच्या कडा बघा, मॅट उचला. फोड सापडला तर इतिवृत्तात लिहा आणि तारीख घाला. आमच्या त्या फोडाची तारीख आम्ही लिहिली असती, तर गणपतीपर्यंत थांबलो नसतो.

तुमची,
क्षेत्र समन्वयक